दिलेली अक्षरं असलेले इंग्रजी शब्द पटकन कसे शोधायचे?

तुम्ही लिहिलंय की मुलाच्या शाळेत फळ्यावर चार-पाच इंग्रजी अक्षरं देतात आणि ती सगळी ज्यात आहेत असे शब्द ठरलेल्या वेळात शोधायचे असतात. घरचे सगळे मराठी माध्यमातले, म्हणून शब्दसाठा कमी पडतो, असं तुम्हाला वाटतंय. मी वेंगुर्ल्याकडच्या एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवतो. पावसाने मैदान बंद झालं की आमच्या वर्गात हाच खेळ चालतो. माझ्या मते अडचण शब्दसाठ्याची फार थोडी, कानाची जास्त.

आपण देवनागरीवाले. जसं लिहिलं तसं वाचायचं, ही सवय हाडीमासी खिळलेली. त्यामुळे मुलं अक्षरं मोठ्याने म्हणतात आणि आवाजावरून शब्द शोधायला बघतात. के, एन, डब्ल्यू दिलं की ‘नो’, ‘न्यू’, ‘नोन’, ‘नॉलेज’ एवढं सुचतं आणि गाडी थांबते. ट्विंकल, वीकेंड, वर्किंग, नेटवर्क (आमच्याकडे जून ते सप्टेंबर ते शब्दकोशातच सापडतं) यांत ही तिन्ही अक्षरं आहेत, पण वेगळ्या क्रमाने. ‘रिंकल’मध्ये तर डब्ल्यू सुरुवातीलाच मुका बसलाय, कानाला तो कधीच सापडणार नाही. म्हणून पहिला नियम: तोंड बंद, पेन्सिल चालू.

अक्षरं एका ओळीत लिहू नका, गोलात लिहा. ओळीत लिहिली की डोळा डावीकडून उजवीकडे वाचत सुटतो आणि तोच क्रम डोक्यात बसतो. मी स्वर मधे घेतो आणि व्यंजनं भोवताली.

त्याआधी कोडं नेमकं कुठलं ते विचारून घ्या, कारण इथेच निम्मा वेळ वाया जातो. समजा ‘मँगो’ची पाच अक्षरं आली: एम, ए, एन, जी, ओ. फक्त हीच वापरायची असतील तर स्वतः मँगो आणि ‘अमंग’, इतकंच हाती लागेल. बाहेरची अक्षरं चालत असतील तर मँग्रोव्ह, मॅग्नोलिया, महॉगनी, फ्लेमिंगो, मोनोग्राम अशी रांग लागते. मॉन्गूस हा आपल्याच मुंगसाचा शब्द इंग्रजीत गेलेला, तो पोरं हमखास सांगतात. मग मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडतं, “सर, ए खंय गेलो?” बरोबर आहे, त्यात ए नाही.

याच उदाहरणात खरी युक्ती आहे. एन आणि जी एकत्र दिसले की मधला-पुढचा विचार न करता एक आय उसना घ्यायचा आणि ‘आयएनजी’ शेपटी बाजूला काढून ठेवायची. उरले एम, ए, ओ. आता ही तीन असलेलं क्रियापद शोधा: रोम (भटकणे), मोन (कण्हणे), फोम (फेसाळणे). झाले तीन शब्द, तेही घोकंपट्टीशिवाय. ई-आर, ई-डी, टी-आय-ओ-एन, एम-ई-एन-टी याही अशाच शेपट्या. पुढून लागणाऱ्या यू-एन, आर-ई, डी-आय-एस. एच असेल तर तो बहुतेक वेळा सी, एस, टी, पी किंवा डब्ल्यूला चिकटवून बघा. व्ही असेल तर त्याच्या मागोमाग ई येतो का पाहा, कारण साधे इंग्रजी शब्द व्हीवर संपत नाहीत. म्हणून तर ‘हॅव’, ‘गिव्ह’, ‘लव्ह’च्या शेवटी तो न उच्चारलेला ई असतो.

सुरुवात नेहमी दुर्मीळ अक्षरापासून करा. आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाने 1930च्या दशकात स्क्रॅबल हा अक्षरांच्या सोंगट्यांचा शब्दखेळ बनवताना वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजली होती. इंग्रजी संचाच्या 100 सोंगट्यांत ई तब्बल 12, ए आणि आय प्रत्येकी 9, तर क्यू आणि झेड एकेकच, 10 गुणांचे. ई असलेले शब्द शोधत बसणं म्हणजे समुद्रात पाणी शोधणं. क्यू असेल तर आधी त्याच्याशेजारी यू ठेवून बघा. दिलेल्या अक्षरांत यू नाही आणि बाहेरचं अक्षरही चालत नाही, तर फकीर आणि निकाब हे इंग्रजी शब्दकोशातले शब्द आठवा. दोन्हींत क्यू आहे, यू नाही.

मोबाइलवरच्या शोधयंत्रांना माझा विरोध नाही, फक्त घरी सराव झाल्यावर पडताळणीला वापरा. वनलुकसारख्या शब्द शोधून देणाऱ्या संकेतस्थळावर प्रश्नचिन्ह म्हणजे कुठलंही एक अक्षर आणि तारा म्हणजे कितीही अक्षरं. गोची अशी की ताऱ्यांनी अक्षरांचा क्रम पक्का होतो. तीन अक्षरांचे क्रम 6, पाच अक्षरांचे 120. इतक्या वेळा कोण टाइप करणार? त्यापेक्षा शब्दांची साधी यादी संगणकावर घ्या आणि एकामागून एक चाळण्या लावा. आधी के असलेले शब्द ठेवा, त्यातून एन असलेले, त्यातून डब्ल्यू असलेले. क्रमाची कटकटच संपली. लिनक्स या संगणकप्रणालीवर ‘ग्रेप’ (grep) ही आज्ञा हेच करते. एकच अक्षर दोनदा हवं असेल तर मात्र ही चाळणी फसते, एक ओ असलेला शब्दही आरामात निसटून पुढे जातो. तिथे ‘ओ, मधे काहीही, पुन्हा ओ’ असंच सांगावं लागतं.

यादी ब्रिटिश स्पेलिंगची आहे ना, तेवढं बघा. आपल्या शाळांत ‘बिहेवियर’ यू घालून लिहितात, त्यामुळे त्यात पाचही स्वर येतात. अमेरिकन यादीत तो यू गळतो आणि पाच स्वरांच्या कोड्याचं बरोबर उत्तर चूक ठरतं. ‘एज्युकेशन’ आणि ‘इक्वेशन’ दोन्हीकडे चालतात, तेवढे दोन मुलाला आजच सांगून ठेवा.