सायटोपॅथॉलॉजीची फेलोशिप निवडताना

प्रिय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

पॅथॉलॉजीचे पदव्युत्तर शिक्षण संपल्यावर सायटोपॅथॉलॉजीची (सुट्या पेशी तपासून रोगनिदान करण्याच्या शाखेची) फेलोशिप करण्याचा तुमचा विचार पक्का होत आहे, हे वाचून मनापासून आनंद झाला. संस्था निवडताना काय पाहावे, असे तुम्ही विचारले आहे. जिथे फेलोच्या हातात गाठीतून पेशी काढण्याची सुई दिली जाते आणि त्याने दिलेल्या प्रत्येक निदानाचे पुढे काय झाले हे त्याला स्वतः तपासावे लागते, ती जागा निवडा, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्षाला किती स्लाइड येतात आणि विभागाचा लौकिक किती आहे, हे प्रश्न त्यानंतरचे.

सुईचा आग्रह का, ते सविस्तर लिहायला हवे. सायटोलॉजीतील पुष्कळशा निदानांचे भवितव्य मायक्रोस्कोपपर्यंत पोहोचण्याआधीच ठरलेले असते. 22 ते 25 गेजची बारीक सुई थायरॉइडसारख्या रक्ताळ ग्रंथीत गरजेपेक्षा जास्त वेळ फिरली, की नमुन्यात रक्त भरते आणि पेशी विरळ होतात. अशा ठिकाणी सिरिंजने न ओढता, सुईत आपोआप चढेल तेवढेच द्रव्य घेणे पुष्कळदा अधिक चांगले. पॅपॅनिकोलाऊ पद्धतीने रंगवायचा स्मिअर (काचेवर पसरलेला पेशींचा पातळ थर) 95 टक्के अल्कोहोलमध्ये तत्काळ बुडवला नाही, तर पेशी वाळून पसरतात, केंद्रके फुगलेली आणि धूसर दिसू लागतात आणि ज्या क्रोमॅटिनच्या (केंद्रकातील जनुकद्रव्याच्या) बारकाव्यासाठी ही पद्धत वापरायची तोच हरवतो. गिम्सा गटातील रंगांना मात्र हवेत वाळवलेलाच स्मिअर लागतो. लिम्फोसाइट किंवा स्मॉल सेल कार्सिनोमाच्या नाजूक पेशींवर काच किंचित जोराने दाबली गेली, तरी केंद्रके ओढली जाऊन त्यांचे नुसते धागे उरतात. हे सगळे पुस्तकात वाचता येते, परंतु स्वतः घेतलेला नमुना स्वतःच रंगवून तपासणाऱ्याला दोष नेमका कोणत्या पायरीवर शिरला हे जसे उमगते, तसे ते वाचून उमगत नाही.

सुईचा नमुना घेतला जात असतानाच तिथे उभे राहून तो पुरेसा आहे का हे पाहण्याचे काम तुमच्याकडे येईल, विशेषतः एन्डोस्कोपिक अल्ट्रासाउंडच्या किंवा ब्राँकोस्कोपीच्या कक्षात. तेथे केवळ पेशी आहेत एवढे सांगून भागत नाही. लिम्फोमाची (लसिका पेशींच्या कर्करोगाची) शंका आली तर फ्लो सायटोमेट्रीसाठी, म्हणजे पेशींचे प्रकार यंत्राने ओळखणाऱ्या तपासणीसाठी, जंतुसंसर्ग वाटला तर कल्चरसाठी नमुना वेगळा काढावा लागतो. आणि फुप्फुसाचा ॲडिनोकार्सिनोमा दिसला तर ईजीएफआर, एएलके यांसारख्या जनुकांच्या तपासण्यांसाठी सेल ब्लॉकमध्ये (मेणात बसवलेल्या पेशींच्या ठोकळ्यात) पुरेसे द्रव्य जपावे लागते, कारण रुग्णाचे औषध त्यावर ठरणार असते. निर्णय काही मिनिटांत घ्यायचा असतो आणि समोरचे सहकारी सुई हातात धरून तुमच्या उत्तरासाठी थांबलेले असतात. ही जबाबदारी फेलोवर टाकणारे आणि चुकत असल्यास तिथेच थांबवणारे वरिष्ठ लाभणे, हे मोठे भाग्य समजा.

निदानाची भाषा शिकताना मर्यादांचा अभ्यास सर्वांत आधी करा. थायरॉइडच्या सुई-तपासणीचे अहवाल देण्याच्या बेथेस्डा पद्धतीत सहा वर्ग आहेत, आणि नमुना पुरेसा मानण्यासाठी सर्वसाधारणपणे किमान दहा-दहा फॉलिक्युलर पेशींचे सहा समूह लागतात. फॉलिक्युलर कार्सिनोमा सायटोलॉजीवर निश्चित करता येत नाही, कारण त्यासाठी गाठीच्या आवरणात किंवा रक्तवाहिन्यांत झालेला शिरकाव पाहावा लागतो आणि सुटलेल्या पेशी तो दाखवू शकत नाहीत. म्हणूनच चौथा वर्ग, म्हणजे ‘फॉलिक्युलर निओप्लाझम’चा, आहे. तिसऱ्या वर्गाचा, म्हणजे अनिश्चित पेशीबदलांचा, आसरा मात्र जपून घ्यावा. हे प्रमाण एकूण नमुन्यांच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवण्याची शिफारस याच कारणाने झाली आहे. नमुना अपुरा असेल तर तसे लिहायला धैर्य लागते. अपुऱ्या नमुन्यावर ‘कर्करोग नाही’ असे लिहिले, तर रुग्ण निर्धास्त होऊन घरी जातो आणि गाठ वाढत राहते.

गर्भाशयमुखाच्या स्मिअरबद्दल थोडेसेच लिहितो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत विषाणू शोधणारी एचपीव्ही चाचणी पुढे आल्यामुळे त्यांची संख्या अनेक ठिकाणी घटते आहे आणि काही फेलो त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात. तसे करू नका. हजारो निरोगी पेशींमधून मोजक्या संशयास्पद पेशी हेरण्याची नजर या कामाने जशी तयार होते, तशी दुसऱ्या कशानेही होत नाही. आणि अनुभवी सायटोटेक्नॉलॉजिस्टच्या (स्लाइड प्रथम तपासणाऱ्या तंत्रज्ञाच्या) शेजारी बसून ती शिकण्यात कोणताही कमीपणा मानू नका.

आता पाठपुराव्याविषयी. पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. वरिष्ठांनी स्लाइड पाहण्याआधीच तुमचे निदान आणि त्यामागची कारणे तीत लिहा, आणि शस्त्रक्रियेनंतरचा हिस्टोपॅथॉलॉजीचा (काढलेल्या ऊतीच्या तपासणीचा) अहवाल आला की तो समोर नोंदवा. तफावत आढळल्यास जुनी स्लाइड पुन्हा काढून पाहा: पेशी तिथे होत्या आणि वाचताना चूक झाली, की सुई गाठीत पोहोचलीच नव्हती? या दोन चुकांवरचे उपाय वेगवेगळे आहेत.

मुलाखतीला जाल तेव्हा तिथल्या सध्याच्या फेलोंना एकांतात विचारा, की ते स्वतः किती वेळा सुई घालतात, तफावत असलेल्या केसेसची चर्चा नियमित होते का, आणि त्या चर्चेत वरिष्ठांच्या चुकाही मांडल्या जातात का. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला सर्वाधिक महत्त्व द्या. निवड झाली की कळवा. छाती-पोटाच्या पोकळीत साचणाऱ्या सेरस द्रवांतील मेसोथेलियल (पोकळीच्या अस्तराच्या) पेशी आणि ॲडिनोकार्सिनोमा यांतील फरकावर मला तुम्हाला स्वतंत्र पत्र लिहायचे आहे.

आपला स्नेहांकित