डेनिस श्रोडरला एनबीएमध्ये कोणीच का टिकवून ठेवत नाही? तरीही जर्मनीत त्याला एवढा मान कसा?

तुम्ही विचारलंय की जो बास्केटबॉल खेळाडू एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, जवळपास दरवर्षी संघ बदलतो, त्याला मोठा म्हणायचं कशाच्या जोरावर. मी त्याचे सामने बरीच वर्षं बघतोय आणि माझ्या मते तो खरोखर मोठा खेळाडू आहे. पण ते कळायला त्याचं एनबीएतलं खातं बाजूला ठेवून जर्मनीच्या जर्सीतला श्रोडर बघावा लागतो.

तो ब्राउनश्वाइगचा. वडील जर्मन, आई गांबियाची, तिचं हेअर सलून होतं. पोराला वेड स्केटबोर्डचं. लिव्हिउ कॅलिन या प्रशिक्षकाने त्याला हेरलं आणि बास्केटबॉलकडे वळवलं. २००९ मध्ये वडील अचानक गेले. आपण एनबीएत खेळू असा शब्द त्याने त्यांना दिला होता, आणि त्यानंतर तो मन लावून सराव करू लागला. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ नवे खेळाडू आळीपाळीने निवडतात त्यात, अटलांटा हॉक्सने त्याला १७ व्या क्रमांकावर घेतलं.

अटलांटात पाच वर्षं, मग ओक्लाहोमा सिटी. तिथे तो बाकावरून उतरायचा, तरी २०१९-२० मध्ये त्याची सरासरी १९ गुणांच्या आसपास होती आणि सर्वोत्तम राखीव खेळाडूच्या मतदानात तो दुसरा आला. मग लेकर्स, आणि तिथेच ते सगळ्यांच्या तोंडी असलेलं प्रकरण. बातम्यांनुसार त्याच्यासमोर चार वर्षांसाठी सुमारे ८.४ कोटी डॉलरचा प्रस्ताव होता, तो त्याने घेतला नाही. पुढचा करार बॉस्टनशी झाला, एका वर्षाचा, सुमारे ५९ लाख डॉलरचा. त्यावरून लोकांनी त्याची यथेच्छ टर उडवली. त्यानंतर ह्यूस्टन, पुन्हा लेकर्स, टोरंटो, ब्रुकलिन, गोल्डन स्टेट, डेट्रॉइट, सॅक्रामेंटो. यात त्याच्या खेळाचा दोष कमी आणि करारांच्या गणिताचा भाग जास्त. मध्यम पगाराचा, लहान मुदतीचा करार ट्रेड, म्हणजे संघांमधली खेळाडूंची अदलाबदल, जुळवायला सगळ्यात सोयीचा असतो, त्यामुळे असे खेळाडूच आधी हलवले जातात.

करार नसण्याची झळ देशाच्या संघालाही बसते. २०२१ च्या उन्हाळ्यात त्याच्या हातात करार नव्हता, दुखापतीच्या विम्याचा प्रश्न सुटला नाही आणि टोकियो ऑलिंपिक हुकलं. २०२२ च्या युरोबास्केटला, म्हणजे युरोपीय देशांच्या अजिंक्यपद स्पर्धेला, तो उतरला तेव्हाही एनबीएतला करार व्हायचाच होता, आणि तरी तो खेळला. तशा अवस्थेत गुडघा दुखावला तर वर्षाची कमाई बुडते, हे लक्षात घ्या. बर्लिनमध्ये स्पेनविरुद्ध उपांत्य सामन्यात त्याने ३० गुण केले. तो सामना गेला, पण जर्मनीने कांस्यपदक घेतलं.

आणि मग २०२३ चा मनिलातला विश्वचषक. उपांत्यपूर्व फेरीत समोर लाटव्हिया. श्रोडरने २६ फटके मारले, त्यातले ४ गेले. एवढ्या मोठ्या सामन्यात कर्णधाराचा इतका वाईट दिवस मी क्वचितच पाहिलाय. चेंडू रिंगवर आपटून परत येत होता आणि तो पुढच्या वेळी पुन्हा तेच धाडस करत होता. जर्मनी ८१-७९ अशी कशीबशी वाचली; लाटव्हियाचा शेवटचा तीन गुणांचा फटका आत गेला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. प्रशिक्षक गॉर्डन हर्बर्ट यांनी तरीही सूत्रं त्याच्याच हातात ठेवली. पुढच्याच सामन्यात अमेरिका ११३-१११ अशी हरली. त्या दिवशी जर्मनीच्या आंद्रेयास ओब्स्टने २४ गुण केले, श्रोडरचे १७ गुण आणि ९ असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास.

अंतिम सामना सर्बियाशी. आपल्याकडे रविवारची संध्याकाळ होती. शेवटच्या मिनिटात आघाडी अगदी थोडी उरलेली असताना तो बचावपटूला मागे टाकून थेट रिंगपर्यंत घुसला. सामना ८३-७७, त्याचे २८ गुण, आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडूही तोच. जर्मनीचं ते पहिलं विश्वविजेतेपद. डर्क नोवित्स्कीच्या काळातही हे झालं नव्हतं. नोवित्स्की त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा खेळाडू, यात वादच नाही, पण ही गोष्ट श्रोडरच्या संघाने केली.

पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनाला जर्मनीचा झेंडा त्याच्या हातात होता. तिथे संघ चौथा आला. २०२५ च्या युरोबास्केटमध्ये लिथुआनियाविरुद्धच्या सामन्यात प्रेक्षकांतून त्याच्याकडे बघून माकडाचे आवाज काढले गेले. मला त्याचा आजही संताप येतो. त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, रीगाला, तुर्कस्तान एका गुणाने पुढे असताना जर्मनीचे शेवटचे सहाच्या सहा गुण त्याने केले. ८८-८३. जर्मनीने याआधी हा किताब जिंकला होता १९९३ मध्ये, आणि श्रोडरचा जन्म त्याच वर्षीच्या सप्टेंबरातला!

मग एनबीएत आणि जर्मनीच्या संघात एवढा फरक का? एनबीएत त्याला तयार संघातली एखादी जागा भरायची असते, कधी कधी चेंडूशिवाय कोपऱ्यात उभं राहायचं असतं. जर्मनीत आक्रमण त्याच्यापासून सुरू होतं. त्याची पहिली झेप इतकी वेगवान आहे की दोन बचावपटू त्याच्याकडे ओढले जातात, आणि ओब्स्ट किंवा फ्रान्झ वॅगनर मोकळे सापडतात. शिवाय हे सगळे कित्येक उन्हाळे एकत्र खेळलेत. एनबीएत त्याला असा सहवास अटलांटानंतर फारसा मिळालाच नाही.

ब्राउनश्वाइगच्या ज्या क्लबात तो घडला, त्याची मालकीही आता त्याच्याकडे आहे.

सामने शोधून बघणार असाल तर विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या आधी लाटव्हियाचा तो सामना पूर्ण बघा. हुकलेल्या फटक्यांसकट.