बंदरातला गाळ परत पाण्यातच?

प्रश्न: मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहते, माहेर भाईंदरचं. इथे वाचलं की बंदरातून उपसलेला गाळ सरकारी खर्चाने परत बेमध्येच (सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात) सोडला, म्हणे दलदल वाचवायला! आधी काढायचा, मग टाकायचा, हा काय प्रकार? आणि एवढं चांगलं असेल तर आपल्या खाडीत का नाही करत?

उत्तर: ताई, भाईंदरच्या आहात म्हणजे मिठागर काय ते तुम्हाला सांगायला नको. साउथ बेमध्येही (म्हणजे तुमच्या बेच्या दक्षिण भागात) तेच झालेलं, दलदलीला बांध घालून मिठागरं केली, त्यातली १५,१०० एकर २००३ मध्ये विकत घेतली आणि आता जागोजागी बांध फोडून भरती आत घेतायत. पण नुसतं पाणी घेऊन भागत नाही. तिथलं खारं गवत ठरावीक उंचीवरच जगतं. भरतीबरोबर गाळ येतो, गवतात पाणी मंदावतं, गाळ खाली बसतो आणि जमीन हळूहळू वर चढते, पण समुद्र त्याहून भरभर चढला की गवत बुडालंच, मागे सरकावं तर मागे बांध, हायवे आणि तुमची घरं.

त्यात गाळच कमी पडतोय. एकोणिसाव्या शतकात सोन्याच्या नादात खाणवाल्यांनी पाण्याच्या झोतांनी डोंगर धुतले, तो गाळ शतकभर पुरला, १९९९ च्या सुमारास पाण्यातला गाळ एकदम घटला. आणि बंदरातून उपसलेला बराचसा गाळ हे लोक खोल समुद्रात नेऊन टाकत होते, म्हणजे कमालच. म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये रेडवुड सिटी बंदरातला सुमारे ९०,००० घनयार्ड गाळ साउथ बेमधल्या व्हेल्स टेल नावाच्या दलदलीच्या समोर उथळ पाण्यात सोडला. दलदलीवर नाही हं, समोर. पुढची हमाली लाटा आणि भरतीची. दक्षिण कॅलिफोर्नियात सील बीचला २०१६ मध्ये थेट गवतावरच पंपाने फवारला होता, जवळजवळ २५ सेंटीमीटर थर, सगळं गाडलं गेलं आणि गवत परत धरायला वर्षं लागली. मला तरी समोर सोडायची पद्धत जास्त पटते.

आपल्याकडे मात्र ही आयडिया कोणाला देऊ नका! आपल्या खाडीत गवत नाममात्र, मुख्यतः तिवरं आहेत, त्यांची श्वास घेणारी मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली असतात, ती गाडली की झाडच मरतं. आणि आपल्याकडे भराव म्हणजे गाळ नसतोच, विटा, टाइल्स, सिमेंटचं डेब्रिज असतं. हायकोर्टाने २००५ मध्येच कांदळवनात भराव टाकायला मनाई केलीये. माहेरी कोणाला रात्री डंपर रिकामे होताना दिसले तर फोटो काढून वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे तक्रार करायला सांगा, फक्त डंपरवाल्याच्या समोर उभं राहून काढू नका म्हणावं.