गुडघा दुखतो म्हणून धावणे सोडावे का?

प्रश्न : माझे वय 61 असून गेली तीस वर्षे मी नियमित धावतो. वर्षभरापासून जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो आणि सकाळी दहा-पंधरा मिनिटे आखडलेला असतो. तरुणपणी याच गुडघ्यातील फाटलेली चकती (हाडांमधली गादी) शस्त्रक्रिया करून काढली होती. ‘धावून धावून गुडघे झिजवले, आता पुरे’ असे घरचे म्हणतात. मी काय करावे?

उत्तर : घरच्यांची काळजी रास्त असली, तरी दोष धावण्याच्या माथी मारण्याची घाई झाली आहे. हौसेने धावणाऱ्यांना बैठे आयुष्य जगणाऱ्यांपेक्षा गुडघ्याचा संधिवात अधिक होतो, असे अभ्यासांत दिसलेले नाही. तुमच्या बाबतीत संशय त्या जुन्या शस्त्रक्रियेवर अधिक जातो, कारण चकती काढल्यावर तोच भार कूर्चेच्या, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणाच्या, लहानशा भागावर एकवटतो. शिवाय कूर्चेत रक्तवाहिन्या नसल्याने, सांध्यावर दाब पडून सुटतो तेव्हाच भोवतालच्या द्रवातून तिला पोषण मिळते. त्यामुळे गुडघ्याला पूर्ण विश्रांती मानवत नाही.

खरी मेहनत मांडीच्या पुढच्या स्नायूंवर घ्या. (धावण्यानेच पाय बळकट होतात, हा धावपटूंचा आवडता गैरसमज आहे.) हात न टेकता खुर्चीतून उठावे आणि बसताना मनात चार अंक मोजत सावकाश खाली यावे, असे दहा वेळा, आठवड्यातून तीन दिवस. फरक जाणवायला दोन-तीन महिने लागतात. तोवर एक दिवसाआड, थोडी आखूड पावले टाकत धावा आणि मधल्या दिवशी सायकल चालवा किंवा पोहा. वेदनेला शून्य ते दहा असे गुण दिले, तर तीन-चारपर्यंतची वेदना चालेल. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा नेहमीपेक्षा अधिक दुखला, तर कालचे अंतर जास्त झाले असे समजावे. वजन वाढले असल्यास एक किलो उतरवल्याने दर पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

वेदनाशामक जेल आधी वापरून पाहावे. गोळ्या पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांना त्रासदायक ठरू शकतात, म्हणून त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. गोळी घेऊन शर्यतीत उतरणे तर मला मुळीच पटत नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाचा आराम बहुधा काही आठवडेच टिकतो.

गुडघा अचानक सुजून गरम झाला, मध्येच अडकू लागला, किंवा सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकू लागला, तर मात्र व्यायाम थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.