मॉन्स्टर गोळा करायच्या टर्न-बेस्ड गेमचं परीक्षण करताना नेमकं काय बघावं?

तुम्ही प्रश्नात म्हटलंय की एका नव्या गेमचं परीक्षण लिहायला घेतलंय. मॉन्स्टर तीनशेच्या वर, चित्रं देखणी, लढाई टर्न-बेस्ड, म्हणजे दोन्ही बाजूंनी आळीपाळीने चाल करायची. बरेच तास खेळून झालेत, कंटाळाही आलेला नाही, तरी गेम खरंच चांगला आहे की नुसताच मोठा, हे काही ठरत नाही.

माझ्या मते आधी एकच गोष्ट तपासा. नवा मॉन्स्टर पकडला की टीम बदलायचा विचार मनात येतो का? पकडलेला मॉन्स्टर यादीत जमा झाला आणि तुम्ही पुन्हा त्याच जुन्या गड्यांना घेऊन पुढे निघालात, असं दर वेळी होत असेल, तर मॉन्स्टर तीनशे असोत की हजार, गेम उथळ आहे. या प्रकारात दोन खेळ एकत्र नांदतात: गोळा करणं आणि लढणं. लढाईत अडलं की नवं कुणीतरी शोधावंसं वाटलं पाहिजे, आणि नवं कुणी सापडलं की लढायची रीत बदलली पाहिजे. हे चक्र फिरतंय का, ते मी सगळ्यात आधी बघतो.

मॉन्स्टरांच्या आकड्यावर का जाऊ नये, हे या प्रकाराला जगभर पोचवणाऱ्या गेमवरूनच कळतं. 1996 साली जपानमध्ये ‘पोकेमॉन रेड’ आणि ‘ग्रीन’ आले तेव्हा त्यांत 151 पोकेमॉन आणि 15 टाइप होते (टाइप म्हणजे आग, पाणी असे गट; कोण कोणाला भारी पडतो ते त्यांवरून ठरतं). पण सायकिक टाइप सगळ्यांना भारी पडायचा. त्याच्यावर बग, म्हणजे किड्यांच्या टाइपचा उतारा होता, तर बगच्या मूव्ह्ज (लढाईतल्या चाली) अगदीच दुबळ्या. घोस्ट टाइपनेही सायकिकला नमवायला हवं होतं, पण कोडमधल्या चुकीमुळे घोस्टच्या हल्ल्याचा सायकिकवर काही परिणामच होत नसे. त्यात ‘स्पेशल’ हा एकच आकडा हल्ल्यालाही लागू आणि बचावालाही, त्यामुळे सायकिकवाले दोन्ही बाजूंनी बळकट. मग 151 मधल्या कितीतरी जणांना टीममध्ये घ्यायला कारणच उरत नव्हतं. 1999 च्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये डार्क आणि स्टील हे टाइप आले आणि ‘स्पेशल’चे हल्ला व बचाव असे दोन भाग झाले. त्याच गेममध्ये शंभर नवे पोकेमॉनही आले होते, पण मला हे नियमांतले बदल त्या शंभरांपेक्षा मोलाचे वाटतात. जुन्यांपैकी अनेकांना त्यांनी पुन्हा काम दिलं.

2013 मध्ये फेअरी आला आणि टाइप 18 झाले. एका पोकेमॉनला एक किंवा दोन टाइप असू शकतात, म्हणजे हिशेबाने 171 शक्यता. तोच हल्ला एखाद्याला चौपट लागतो, दुसऱ्याला पाव, तिसऱ्याला अजिबात नाही. नियम एवढासा, पण त्यातून निघणारे प्रश्न संपत नाहीत. तुमच्या गेममध्ये असा एखादा नियम आहे का, तो शोधा. असला तर परीक्षणात त्याला सगळ्यात जास्त जागा द्या.

मॉन्स्टर खरोखर वेगवेगळे आहेत का, हे बघायला मी एक रीत वापरतो. एकाच टाइपचे, जवळपास एकाच लेव्हलचे तिघे निवडायचे आणि त्यांना एकामागून एक त्याच शत्रूसमोर उतरवायचं. त्यांची नावं आणि चित्रं झाकली तर फक्त लढण्यावरून कोण कुठला हे ओळखता येईल का? एक आधी विष टाकून मग टिकून राहतो, दुसरा पहिल्याच टर्नला सगळा जोर लावतो, तिसरा स्वतः फारसा मारत नाही पण शेजाऱ्याला बळ देतो, असं असेल तर ते तीन मॉन्स्टर आहेत. नाहीतर तो एकच मॉन्स्टर आहे आणि त्याला तीन रंग दिलेत. ‘सिरॅलिम अल्टिमेट’मध्ये बाराशेच्या वर प्राणी आहेत. चित्रं छोटी, साधी. पण प्रत्येकाला स्वतःचा एक गुण आहे आणि सहा जणांचे सहा गुण एकमेकांत गुंतवणं हाच तिथला खेळ आहे. उलट ‘मॉन्स्टर सँक्च्युअरी’त मॉन्स्टर जेमतेम शंभरेक, पण प्रत्येकाचं स्किल ट्री, म्हणजे टप्प्याटप्प्याने निवडायच्या कौशल्यांचा तक्ता, मोठं. तिथे तीन विरुद्ध तीन अशी लढाई होते आणि प्रत्येक फटक्यागणिक पुढच्या फटक्याचा जोर वाढत जातो. त्यामुळे आधी बारीक-बारीक फटके मारणारा, मग मुख्य मारेकरी, हा क्रम लावावा लागतो. एरवी दुय्यम वाटणारा मॉन्स्टर अशा नियमामुळे टीमचा कणा होतो. तुमच्या तीनशेमध्ये असे किती आहेत?

लढाईचे नियम बघताना नशिबाचा वाटा किती, हेही नीट पाहा. ‘टेमटेम’ने मूव्ह चुकण्याची शक्यताच काढून टाकली आणि दोन विरुद्ध दोन लढाई ठेवली. मूव्ह वापरायला स्टॅमिना लागतो आणि शिलकीपेक्षा जास्त खर्च केला तर स्वतःच्याच मॉन्स्टरला इजा होते. हरलात तर दोष नशिबावर टाकता येत नाही, आणि मला ते फार आवडतं. ‘कॅसेट बीस्ट्स’ची वाट वेगळी आहे. तिथे टाइपचा उपयोग दुप्पट मार देण्यापुरता नाही, त्याने परिस्थिती बदलते: बर्फाच्या प्राण्यावर आगीचा हल्ला केला की तो वितळतो आणि पाण्याच्या टाइपचा होतो. मग पुढच्या टर्नला कोणी काय करायचं, हे नव्याने ठरवावं लागतं. दुप्पट-निमपट हा तक्ता एकदा पाठ झाला की विचार करायचं थांबतं. इथे तसं होत नाही.

पण मला या सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते ती हार. हरल्यावर खेळाडू काय करतो, यावर मी अख्ख्या गेमचं मोल ठरवेन. ‘शिन मेगामी टेन्सेई 3: नॉक्टर्न’च्या 2004 साली अमेरिकेत आलेल्या आवृत्तीत सुरुवातीच्या टप्प्यातच मॅटाडोर नावाचा बॉस येतो. या गेममध्ये शत्रूच्या कमकुवत जागी फटका बसला तर तुमचा टर्न अर्धाच खर्च होतो, आणि हल्ला चुकला किंवा त्याचा परिणाम झाला नाही तर दोन टर्न जातात. शत्रूलाही हाच नियम. मॅटाडोर आधी स्वतःची चपळता वाढवतो, मग तुमचे हल्ले चुकत राहतात आणि टर्न वाहून जातात. वर त्याचे फोर्स (वारा) टाइपचे हल्ले टीममधल्या कमकुवत साथीदाराला लागले की त्याला जादा टर्न मिळतात. लेव्हल वाढवत बसून याच्यावर फारसं काही साधत नाही. परत जायचं, फोर्स सोसणारे डीमन (इथले मॉन्स्टर) बोलणी करून टीममध्ये आणायचे किंवा फ्यूजनने, म्हणजे दोघांना एकत्र करून, तयार करायचे, चपळता कमी-जास्त करणाऱ्या मूव्ह्ज गाठीला बांधायच्या आणि पुन्हा उभं राहायचं. हार तुम्हाला थेट गोळा करण्याकडे पाठवते, आणि काय गोळा करायचं तेही सांगते. मी म्हणतो ते चक्र हेच.

आता याच्या उलट टोकाचा बॉस आठवून बघा: त्याची लेव्हल तुमच्यापेक्षा दहाने जास्त असते, बाकी त्याच्यात काही विशेष नसतं. हरलात की गवतात जाऊन तेच तेच शत्रू मारायचे, लेव्हल जुळली की जिंकायचं. त्या ग्राइंडिंगमध्ये खेळाडूने काही ठरवलेलं नसतं, काही शिकलेलं नसतं. तुमच्या गेममधला तुम्हाला सगळ्यात जड गेलेला बॉस कोणता आणि तुम्ही तो टीम बदलून हरवलात की लेव्हल वाढवून, हे परीक्षणात स्पष्ट लिहा. वाचणाऱ्याला त्या एका माहितीतून गेमची बरीच ओळख होईल.

टीम बदलायची तर बदल परवडला पाहिजे. ही बाजू परीक्षणांत नेहमी राहून जाते, आणि माझी ती खरीखुरी तक्रार आहे. पंधराव्या तासाला एखादा अप्रतिम मॉन्स्टर सापडतो, पण तो लेव्हल पाचचा आणि तुमची टीम चाळिशीत. त्याला वर आणायला तासन्‌तास लागणार असतील तर कोण आणेल? लोक हळहळतात आणि त्याला पेटीत ठेवून देतात. ‘पोकेमॉन’मध्ये पूर्वी ही अडचण मोठी होती. प्रत्येकाचे हल्ला, बचाव वगैरेंचे जन्मजात आकडे 0 ते 31 मधले, ते बदलता येत नसत. स्वभावही एकदा मिळाला की कायमचा. 2016 च्या ‘सन’ आणि ‘मून’मध्ये ते आकडे प्रशिक्षणाने भरून काढायची सोय आली, 2019 च्या ‘सोर्ड’ आणि ‘शील्ड’मध्ये स्वभावाचा परिणाम बदलणारे मिंट आले. मनात भरलेल्या पोकेमॉनला निव्वळ आकडे वाईट म्हणून सोडून द्यायची वेळ त्यामुळे टळली. ‘नॉक्टर्न’मध्ये फ्यूजन केलं की मूळचे दोन्ही डीमन जातात, पण नोंद केलेले डीमन पैसे मोजून परत बोलावता येतात. किंमत आहे, तरी दार बंद नाही. मला हा समतोल सगळ्यात योग्य वाटतो. बदल अगदी फुकट झाला तर निवडीला वजन राहत नाही, फार महाग झाला तर कोणी निवडच करत नाही.

पकडण्याची क्रियाही त्यातलीच. शत्रूचा एचपी (जीवशक्ती) कमी करायचा पण मारून टाकायचं नाही, झोपवायचं, आणि पकडायचा बॉल टाकायला स्वतःचा एक टर्न द्यायचा: ही छोटीशी लढाईच आहे आणि तिच्यासाठी वेगळी टीम लागते. नुसतं बटण दाबून टक्केवारी बघत बसायचं असेल तर गेमने एक चांगली संधी घालवली.

तुम्हाला अजून शंका असेल तर गेमचा थोडा भाग नझलॉकच्या नियमांनी खेळून पाहा. हे नियम 2010 मध्ये एका खेळाडूने स्वतःवर घालून घेतले आणि मग जगभर पसरले: प्रत्येक नव्या भागात पहिला भेटलेलाच मॉन्स्टर पकडायचा, आणि लढाईत पडलेला पुन्हा वापरायचा नाही. प्रत्येकाला नावही द्यायचं, अशी रीत आहे. एरवी ज्यांच्याकडे ढुंकून बघितलं नसतं ते मॉन्स्टर यात टीममध्ये येतात. त्यांच्यात काही दम असेल तर तो इथे दिसतो. मला स्वतःला कितीतरी मॉन्स्टरांचा लळा याच नियमांमुळे लागला. लळा ही परीक्षणात धरायची गोष्ट आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. ज्याच्या जोरावर आपण जेमतेम जिंकलो तो मॉन्स्टर लक्षात राहतो, आणि अशा जेमतेम जिंकलेल्या लढाया गेमने दिल्या का, हे विचारलंच पाहिजे.

चित्रं, संगीत, कथा यांबद्दल थोडक्यात लिहिलंत तरी चालेल. ते वाचणाऱ्याला ट्रेलरमध्ये दिसतं. मात्र लढाईचा वेग जरूर सांगा. हेच अॅनिमेशन शेकडो वेळा बघावं लागणार असतं, तेव्हा ते वेगाने चालवायची किंवा बंद करायची सोय आहे का? मूव्हचा नेमका परिणाम गेममध्येच वाचता येतो, की तो शोधायला बाहेर जावं लागतं? आणि मोबाइलवरचा गेम असून मॉन्स्टर सोडतीने, पैसे भरून मिळत असतील, तर ते परीक्षणाच्या पहिल्या परिच्छेदात यायला हवं. तिथे लढाईत अडलं की उत्तर दुकानात शोधायला लावतात, आणि मी वर लिहिलेलं बरंचसं मग लागूच होत नाही.

लिहायला बसाल तेव्हा आधी तुमच्या तीन टीम कागदावर मांडा: सुरुवातीची, मधली आणि आत्ताची. कोण गेला, कोण आला आणि का, हे प्रत्येकापुढे एका ओळीत लिहा. ‘लेव्हल जास्त होती’ हेच कारण सगळीकडे आलं तर निकाल लागलाच. कारणं वेगवेगळी असतील, त्यांतली काही लिहिताना पुन्हा उत्साह वाटला, तर तुमच्या परीक्षणाचा मधला भाग तयार आहे. जमलं तर त्या तीन टीम इथे प्रतिक्रियेत टाका आणि गेमचं नावही सांगा, मला वाचायला आवडेल.