'भावार्थ', 'भरवांसो' आणि 'लाघवी भाषण'

फोंड्याच्या एका मराठी शिक्षिकेने एकात एक गुंतलेले तीन प्रश्न विचारले आहेत. त्यांच्या शेजारच्या ख्रिस्ती घरातील कोकणी प्रार्थनेत 'भावार्थ, भरवांसो आनी मोग' हे तीन शब्द एकत्र येतात. मराठी बायबलात, पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायाअखेर, त्याच जागी 'विश्वास, आशा, प्रीती' आहेत. मराठीत भावार्थ म्हणजे कवितेखाली लिहायचा सारांश. मग तो श्रद्धेच्या जागी चुकून बसला काय, हा पहिला प्रश्न. कलस्सैकरांस पत्रात (२:४) कोणी 'लाघवी भाषणाने' भुलवू नये असा इशारा आहे, पण लाघवी तर आपण कौतुकाने म्हणतो, हा दुसरा. आणि प्रीती 'सर्व काही खरे मानते' असे सांगणारा लेखकच भुलवणाऱ्या बोलण्यापासून सावध राहायला कसे सांगतो, हा तिसरा.

भावार्थ चुकून बसलेला नाही. शालेय मराठीने या शब्दाचा एकच अर्थ ठेवला आणि दुसरा टाकला, एवढेच घडले आहे. 'भाव' या शब्दात श्रद्धा आणि आशय हे दोन्ही अर्थ पूर्वीपासून आहेत; 'भाव तेथे देव' या म्हणीतला भाव काही सारांश नव्हे. 'भावार्थ'ही तसाच दोन्हीकडे चालत असे. दासबोधाच्या पहिल्याच समासाच्या अखेरीस समर्थ म्हणतात, 'जयाचा भावार्थ जैसा । तयास लाभ तैसा । मत्सर धरी जो पुंसा । तयास तेंचि प्राप्त ॥' येथे भावार्थाच्या समोर मत्सर उभा केला आहे, त्यामुळे त्याचा अर्थ निष्ठा, श्रद्धा असाच घ्यावा लागतो. मत्सराच्या विरुद्ध सारांश कोणी ठेवीत नाही. उलट ज्ञानेश्वरीचे दुसरे नाव 'भावार्थदीपिका' आहे, आणि तेथे आशयाचा अर्थ स्पष्ट आहे.

गोव्यातील ख्रिस्ती वापराची मुळे याच जुन्या मराठीत आहेत. इंग्लंडहून १५७९ साली गोव्यात आलेले जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण ओवीबद्ध मराठीत रचले आणि ते १६१६ साली रोमन लिपीत छापून निघाले. श्रद्धेसाठी भावार्थ आणि श्रद्धावंतांसाठी भावार्थी हे शब्द त्या ग्रंथात सहज वावरतात. पुराणाची छापील पुस्तके पुढे दुर्मीळ होत होत नाहीशी झाली. १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही, आणि आपण वाचतो तो पाठ हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली मंगळूरला छापलेल्या आवृत्तीतून आला. ग्रंथ असे हरवले तरी शब्द घरोघरीच्या कोकणी प्रार्थनेत टिकला. ज्या भाषेतून तो आला त्या भाषेच्या शिक्षिकेलाच तो आज परका वाटावा, ही मला या चर्चेतली सर्वांत मौजेची गोष्ट वाटते.

या जुन्या शब्दाची एक सोय आजच्या 'विश्वास'ला नाही. नव्या कराराच्या, म्हणजे बायबलाच्या दुसऱ्या भागाच्या, मूळ ग्रीकमध्ये 'पिस्तिस' (विश्वास) हा शब्द दोन अर्थांनी येतो: कोणावर तरी भिस्त ठेवणे हा एक, आणि जे मानायचे ते, म्हणजे परंपरेने हाती आलेला आशय, हा दुसरा. यहूदाच्या छोट्या पत्रात पवित्र जनांच्या स्वाधीन एकदाच केलेल्या विश्वासासाठी झटायला सांगितले आहे, तो दुसऱ्या अर्थाचा. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील 'विश्वास राखला आहे' हे वाक्यही (४:७) पुष्कळसे तसेच आहे. पण आजचा वाचक ते 'दिलेल्या शब्दाला जागलो' असे वाचतो, कारण रोजच्या मराठीत विश्वास माणसावर असतो, टाकला जातो, उडतो, आणि त्याला आशयाची बाजू उरलेली नाही. त्याच वाचकाला तीमथ्याच्या पहिल्या पत्रातील 'ठेव सांभाळ' (६:२०) मात्र लगेच समजते. भावार्थात भिस्त आणि आशय एकत्र नांदतात. राखायचे ते काय, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच 'भावार्थ राखणे' या प्रयोगात अधिक नेमके मिळते, आणि ज्या गोव्यात गावाच्या रक्षक देवतेला राखणदार म्हणतात तेथे 'राखणे' या क्रियापदाचे वजन वेगळे सांगायला नको.

'भरवांसो' म्हणजे आपला भरवसा. तो आशेच्या जागी पाहून मराठी वाचक थबकतो खरा, पण माझ्या मते कोकणी शब्द मूळ अर्थाच्या अधिक जवळ आहे. संतवाङ्मयाने आशेला तृष्णेच्या पंगतीला बसवल्यामुळे मराठीतील आशेला लोभाचा आणि अनिश्चिततेचा वास लागला. 'आशा आहे' म्हणताना आपण बहुधा शंकाच व्यक्त करतो. ग्रीक 'एल्पिस' नव्या करारात खात्रीने वाट पाहणे या अर्थी येतो. इब्री लोकांस पत्रात (६:१९) तिला जिवाचा नांगर म्हटले आहे. (घाटावरच्या वाचकाला येथे जहाजाच्या नांगराऐवजी शेतातला नांगर दिसण्याचा धोका आहे, मांडवीच्या काठावर तो नाही.) मोग आणि प्रीती यांच्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. बोलीतून प्रीती मागे पडून तेथे प्रेम आले, मराठी बायबलाने जुना शब्द धरून ठेवला, आणि सिनेमातील प्रेमापासून वेगळेपण दाखवायला तो आता उपयोगीच पडतो.

आता लाघवी. 'लघु'पासून 'लाघव', म्हणजे मूळ अर्थ हलकेपणा, थोडकेपणा. अर्ध्या मात्रेचे लाघव साधले तरी वैयाकरणांना पुत्रजन्माचा आनंद होतो, असे एक प्रसिद्ध संस्कृत वचन आहे; तेथे लाघव म्हणजे काटकसर. हलकेपणातून हाताची सफाई आली, म्हणून हस्तलाघव. सफाईतून चातुर्य आणि चातुर्यातून मन जिंकण्याची हातोटी. मराठीत लाघवी माणूस आवडता असतो आणि संतांनी देवालाही लाघवी म्हटले आहे. त्यामुळे कलस्सैकरांस पत्रातील त्या वचनातील निंदा 'लाघवी'मध्ये नसून 'भुलवू नये' या क्रियापदात आहे, हे ध्यानात घ्यावे. मूळ ग्रीक शब्द 'पिथानोलोगिया' आहे आणि संपूर्ण नव्या करारात तो या एकाच ठिकाणी आला आहे. 'पिथानोस' म्हणजे पटण्याजोगा. प्लेटोच्या थिएटीटस या संवादात हाच शब्द सिद्धतेच्या विरुद्ध बाजूला ठेवला आहे: भूमितीज्ञ केवळ पटेलसे बोलून प्रमेय मांडू लागला तर त्याची किंमत शून्य, असा तेथील युक्तिवाद आहे. म्हणजे शब्दात गोडव्यापेक्षा पटण्याजोगेपणावर भर आहे, आणि 'लाघवी'मध्ये तो गोडव्याकडे झुकला. पत्राच्या वाचकांपुढचा धोका खुशामतखोराचा नव्हता. चार वचनांनंतर (२:८) 'तत्त्वज्ञान व पोकळ भुलथापा' असे शब्द येतात, त्यावरून समोर व्यवस्थित मांडलेली शिकवण होती असे दिसते. मला अनुवाद करायचा असता तर 'पटेलशा बोलण्याने' असे मी लिहिले असते, जरी ते कानाला 'लाघवी'इतके गोड लागत नाही हे मान्य आहे.

येथे ग्रीकमधील एक नाते सांगायलाच हवे. 'पिस्तिस' आणि 'पिथानोस' हे दोन्ही शब्द 'पेइथो', म्हणजे पटवणे, या एकाच धातूच्या घराण्यातले आहेत. श्रद्धा आणि तिला भुलवणारे बोलणे ही अशी सख्खी भावंडे असल्यामुळे, पटले एवढ्यावरून ते खरे ठरत नाही. मराठीत हे 'पटणे' आणि 'पटवणे' या जोडीतून नीट दाखवता येते. विचारान्ती एखादी गोष्ट आपल्याला पटते. दुसरा आपल्याला पटवतो तेव्हा त्या क्रियापदाला लगेच संशयाची छटा येते, आणि गिऱ्हाईक पटवणे हा प्रयोग काही उगाच रूढ झालेला नाही.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच बरेचसे आले. 'सर्व काही खरे मानते' (१३:७) या शब्दांत मूळचे क्रियापद पिस्तिसचेच आहे; विश्वास टाकणे, माणसाला संशयाने न मोजणे, असा त्याचा रोख आहे, ऐकले ते सारे गिळणे असा नाही. त्याच्या आदल्याच वचनात प्रीती सत्यासंगे आनंद करते असे म्हटले आहे, तेव्हा तिला असत्याशी जुळवून घेण्याची मुभा त्या ओळीतून काढता येणार नाही. कलस्सैकरांस पत्रातही इशाऱ्याच्या अगोदर (२:२) अंतःकरणे प्रीतीने एकत्र जोडली जाण्याची इच्छा आहे. ज्यांना भुलवले जाऊ शकते त्यांना एकेकटे राहू देऊ नये, असा तो क्रम मी वाचतो. 'खरे मानणे' हा प्रयोग मात्र गोव्याच्या कानाला आणखी वेगळा लागेल, कारण कोकणीत श्रद्धेच्या अंगीकाराच्या प्रार्थनेला 'सत मानतां' असेच म्हणतात. तेथे मानायचे सत्य एकेक कलमाने उच्चारले जाते. तेराव्या अध्यायातील मानणे माणसांविषयी आहे, या प्रार्थनेतील मानणे आशयाविषयी, आणि दोन्हींना एकच क्रियापद पुरते.

वापराविषयी शेवटी एवढेच, की मराठी लेखनात भावार्थ या जुन्या अर्थाने वापरायचा असेल तर सोबतचे क्रियापद काळजीपूर्वक निवडावे. भावार्थ 'सांगितला', 'काढला', 'लिहिला' की वाचक सारांशच समजणार; भावार्थ 'धरला', 'राखला', 'ढळला' असे लिहिले, किंवा 'भावार्थाने' असे तृतीयेत योजले, की घोटाळा होत नाही. रोमन लिपीतील कोकणी छपाईत शेवटचा 'थ' पुष्कळदा 'त'सारखा लिहिलेला दिसतो. देवनागरीत लिहिताना 'थ'च ठेवावा.