दशावतारी कंपन्यांचा इतिहास काय? आणि आता ऑर्केस्ट्रा सहज मिळतो, तर जत्रेला याच कंपन्या कशाला?

दशावतारी कंपन्या म्हणजे तळकोकणात जत्रेच्या रात्री देवळासमोर पुराणातल्या कथांची नाटकं करणाऱ्या फिरत्या मंडळ्या. त्यांचा इतिहास थोडक्यात सांगतो. मराठी नाटक 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सुरू केलं, असं शाळेत शिकवतात. सतराव्या शतकातल्या दासबोधात मात्र दशावतारी खेळाचा उल्लेख आहे, आणि त्यात नटूनथटून येणाऱ्या बायका म्हणजे सगळे पुरुषच, हेही समर्थांनी सांगून ठेवलंय. माझे वडील त्यातलेच. उमेद होती तोवर स्त्रीपार्टच केले. तेव्हा कंपनीला गाडी नव्हती, पेटारा डोक्यावर घेऊन एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेला चालत जायचे. 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' ते यावरूनच. कार्तिकात घर सोडायचं आणि मिरगाला नांगर धरायला परत.

लिहिलेली संहिता नाही. देवळाच्या पडवीत तोंडाला सफेदा लावता लावता मालक आख्यान सांगणार, कामं वाटणार, संवाद ज्याचे त्याने उभ्या उभ्या जुळवायचे. सामान म्हणजे एक बाकडं. चादर टाकली की सिंहासन, काढली की रानातला दगड. वडील त्यावर एका कुशीला रेलून बसले की बायका डोळ्यांना पदर लावायच्या. पायपेटी, पखवाज आणि झांज, एवढ्यावर पहाट व्हायची.

आता ऑर्केस्ट्राचं. वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या गावात जत्रेची तिथी ठरलेली, तशी कंपनीही ठरलेली. तिचा तो मान आहे. आधी पालखीची प्रदक्षिणा, मग आडदशावतार म्हणजे नाटकाआधीचा पूर्वरंग, मग आख्यान, उजाडताना दहीहंडी फोडून दहीकाला. तो झाला की जत्रा पुरी.

माझा चुलतभाऊ मुंबईला असतो, वर्गणी भरपूर देतो. बैठकीत म्हणाला, "रातभर कोण बसतलो? बारा वाजता आटपूया." वडील म्हणाले, "आणि दहीकालो?" कोणी उत्तर दिलं नाही. त्या वर्षी ऑर्केस्ट्रा आला. नऊला सुरू, साडेअकराला बंद. लोक आपापल्या गाड्या काढून गेले, खाजेवाल्यांनी दुकानं झाकली, आणि पालखी निघाली तेव्हा मागे मानकरी आणि आठ-दहा म्हातारी माणसं. लांबून आलेल्या माहेरवाशिणी पूर्वी चटईवर पोरं निजवून नाटक बघत, सकाळच्या एसटीने परत जात. त्या रात्री त्यांनी थांबायचं कुठे आणि कशासाठी?

कंपनीचे मालक मात्र त्या दिवशी दुपारी एसटीने एकटेच आले होते. देवापुढे नारळ ठेवला, कोणाला काही विचारलं नाही. मान चुकवायचा नाही म्हणून आले. वडील त्यांना स्टॉपपर्यंत सोडायला गेले आणि येऊन जेवले नाहीत. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पुढच्या वर्षी गावकऱ्यांनी कंपनी परत आणली, पण भाऊ आजही म्हणतो की लोकांना हेच हवंय. लोकांना काय हवं होतं ते पालखीमागच्या रिकाम्या जागेत दिसलं होतं.

एक सांगायचं राहिलं, मी बोलतोय ते सिंधुदुर्गाचं. रत्नागिरीकडे नमन-खेळे ही लोककला आहे, तिची रीत वेगळी. आणि ट्रिकसीनच्या, म्हणजे रंगमंचावर चमत्कार दाखवणाऱ्या नाटकांना किंवा वेगवेगळ्या कंपन्यांचे नट मिळून मुंबईत करतात त्या संयुक्त दशावताराला मी नावं ठेवत नाही. नटांना त्यातून चार पैसे मिळतात, मिळायलाच हवेत. फक्त ते जत्रेच्या रात्री नको.

तुम्ही गावच्या कमिटीत असाल तर मानधन वाढवा, वेळ कापू नका. आणि बघायला जाणार असाल तर आरतीचं ताट फिरतं तेव्हा नोट टाका, मोबाईल समोर धरून नुसते उभे राहू नका. भाऊ हे वाचेलच. त्याला सांगतो, वर्गणी तू देतोस, पण मान देवाने दिलाय, तो बैठकीत हात वर करून काढता येत नाही.